भरतीच्या पोरांना क्विनोआ नको

महोदय,

रविवार पुरवणीत स्नायू बळकट करणाऱ्या आहारावर लेख आला होता. क्विनोआ, अव्होकाडो, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट. माझ्याकडे जेवायला येणाऱ्या एका मुलाने कात्रण आणून विचारलं, "मावशी, यातलं आपल्याकडे काय मिळेल?" मी म्हटलं, "कात्रण."

मी पुण्यात नवी पेठेत खाणावळ चालवते. येणारी पोरं बहुतेक पोलीस भरतीची नाहीतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. बीड, परभणी, बुलढाण्याकडची. भरतीवाल्यांना 1600 मीटर धावायचं असतं, सव्वासात किलोचा गोळा फेकायचा असतो. पहाटे मैदान मारून येतात, चहा-खारीवर भागवतात आणि अकराला ताटावर बसतात.

त्या ताटाचा हिशेब मीच सांगते, धंद्यातलं दुसरं कुणी सांगायचं नाही. किलोभर तूरडाळीत साधारण 220 ग्रॅम प्रथिनं. तेवढ्या डाळीची आमटी पन्नासेक ताटांना पुरवली जाते. म्हणजे वाटीमागे चार-साडेचार ग्रॅम. बाकी पाणी, फोडणी आणि कोथिंबीर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 65 किलोच्या पोराला 54 ग्रॅम. हे साध्या माणसाचं झालं. अंगमेहनतीचा व्यायाम करणाऱ्याला याहून जास्त. पोळी-भातातून थोडी मिळतात, पण खरी भर डाळी-उसळींची, आणि हात आखडतो तो नेमका तिथेच.

मग पोरं प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणतात. अडीच-तीन हजारांचा, म्हणजे महिन्याच्या खाणावळीएवढा. शरीर कमावण्यासाठी अशी पावडर टाळा, असं त्याच संस्थेने 2024च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. एका स्कूपमध्ये चोवीसेक ग्रॅम प्रथिनं. तेवढीच चार अंड्यांत मिळतात, तीस-बत्तीस रुपयांत. पण अंडी खोलीवर विजेच्या किटलीत उकडायची आणि पिवळं कचऱ्यात टाकायचं, ही नवी तऱ्हा! अंड्यातली चाळीसेक टक्के प्रथिनं त्या पिवळ्यातच असतात, हे जिममध्ये कुणी सांगत नाही वाटतं.

अंडी न खाणाऱ्यांसाठी मी मंगळवारी-शुक्रवारी सोया वडीचा रस्सा करते. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं. पहिल्या दिवशी "आज मटण, आज मटण" म्हणून चेष्टा झाली. वड्या उकळत्या पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळायच्या आणि काळ्या मसाल्यात परतायच्या, म्हणजे तो उग्र वास जातो. आता उशिरा येणाऱ्याला नुसता रस्सा मिळतो. मूठभर शेंगदाणे-फुटाणे खिशात ठेवा, हेही मी सांगते. हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, तर यांच्या घरोघरी होतं, पण पुण्यात ते मागायची लाज वाटते.

विनंती एवढीच, की आहाराचा तक्ता छापाल तेव्हा शेजारी भावाचा रकाना ठेवा: दहा ग्रॅम प्रथिनांना किती रुपये पडतात. भाव मंडईतले आणि वाण्याकडचे घ्या, मॉलमधले नकोत. त्यात खाणावळीची आमटीही धरा. आम्हा खाणावळवाल्यांना झोंबेल, झोंबू दे.

— एक खाणावळवाली, नवी पेठ, पुणे