खर्च नाकारा, पण कारण लिहा

मा. संपादक,
स. न.

‘दावा जिंकलो, पण खर्चाचा छदामही मिळाला नाही’ ही आपल्या अंकातील एका वाचकाची तक्रार वाचली. मराठवाड्यातल्या तालुका न्यायालयांत बांध, वहिवाट आणि वाटणीचे दावे पिढ्यानपिढ्या चालतात. शिरस्तेदार, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयातला वरिष्ठ कर्मचारी, म्हणून नोकरी करताना अशा दाव्यांचे कितीतरी हुकूमनामे (निकालावरून काढलेले औपचारिक आदेश) माझ्या टेबलावरून गेले. तरीही त्या वाचकाचे सगळेच म्हणणे मला पटले नाही.

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, ही रीत खरी. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ ने ती न्यायालयाच्या विवेकावर सोडली आहे. जिंकलेल्या प्रतिवादीला खर्च केव्हा नाकारावा, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९२० साली ‘रिटर विरुद्ध गॉडफ्रे’ या प्रकरणात सांगितले : त्याच्याच वागण्याने दावा ओढवला असेल, त्याने विनाकारण खर्च वाढवला असेल, किंवा वादाच्या मुळाशी असलेल्या व्यवहारातच काही गैर केले असेल तर.

समजा, बांध कोरल्याची नोटीस आली. मोजणीचा नकाशा प्रतिवादीच्या बाजूचा आहे, घरातच आहे. तरी नोटिशीला उत्तर नाही. समन्स बजावायला बेलिफ आला की ‘मालक गावाला गेलेत’. कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्यासाठी, तारखांवर तारखा. आणि नकाशा बाहेर निघतो तो पुराव्याच्या वेळी, परवानगीचा अर्ज देऊन! दावा फेटाळला जाईल, जायलाच हवा. पण तोच नकाशा नोटिशीच्या उत्तराला जोडला असता, तर वादी बहुधा कोर्टाची पायरी चढलाच नसता. अशा जिंकणाऱ्याला वरून खर्च कशासाठी द्यायचा?

मात्र प्रतिवादी सावकारी करतो, गावात त्याच्याबद्दल कुणी बरे बोलत नाही, एवढ्यावरून खर्च नाकारणे चूक. वागणूक त्या दाव्याशी निगडित हवी.

खरी तक्रार वेगळीच आहे. खर्च नाकारायचा असेल तर लेखी कारण द्या, असे कलम ३५(२) बजावते. सर्वोच्च न्यायालयानेही सालेम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ साली हेच ठणकावले, शिवाय प्रवास, मुक्काम, वाया गेलेला वेळ धरून प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च द्यावा असेही म्हटले. तरी निकालाखाली ‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा’ एवढेच वाक्य येते. नोटिशीला वेळेत उत्तर देणारा, एकही तारीख न चुकवणारा माणूसही त्याच वाक्यात निघतो आणि नकाशा दडवणाराही.

खर्च मंजूर झाला तरी हुकूमनाम्याच्या तक्त्यात मुद्रांक, समन्सची फी आणि नियमात बसेल तेवढी वकील फी. पक्षकाराने वकिलाला खरोखर मोजलेले पैसे त्यात कुठले? खोट्या दाव्याबद्दल कलम ३५अ खाली मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा तर १९७६ च्या दुरुस्तीपासून ३,००० रुपयेच आहे. व्यापारी वादांसाठी २०१५ च्या कायद्याने कलम ३५ नव्याने लिहिले. तिथे पक्षकारांची वागणूक, तडजोडीचा वाजवी प्रस्ताव धुडकावणे, हे सारे खर्च ठरवताना पाहिले जाते. शेतकऱ्याच्या बांधाला मात्र जुनेच कलम.

वकील मंडळीही खर्चाचा विषय ‘काय हुकूम?’ (शेवटी काय आदेश द्यायचा) या निकालातल्या शेवटच्या मुद्द्यात उरकतात. त्यांनी युक्तिवादातच तो वेगळा मांडावा, नोटिशीचे उत्तर आणि पोचपावती दाखवावी. मग न्यायालयाला खर्च नाकारायचाच असेल, तर त्याचे कारण दोन ओळींत लिहायला किती वेळ लागतो?

– एक निवृत्त शिरस्तेदार, अंबाजोगाई