बोटीवरच्या काकांना, ‘अ‍ॅक्वालंग’च्या दुसऱ्या बाजूबद्दल

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात कुडाळात आमच्या बँडची पाच गाणी वाजली. तुम्ही पुढच्याच रांगेत होतात, पण कार्यक्रम संपल्या संपल्या वेंगुर्ल्याची एसटी गाठायला निघून गेलात. आभाराचं काही बोलायला लागलं की तुम्ही फोनच ठेवता, म्हणून हे उघड पत्र. तुमच्या पडवीत बसून जेथ्रो टलवर कडाकडा भांडलेली पोरं आता पणजी, पुणे, मुंबई अशी पांगली आहेत. त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जेथ्रो टल हा इंग्लंडमधला रॉक बँड. इयन अँडरसन हा त्याचा गायक, गीतकार आणि एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा माणूस. बँडचं नाव मात्र पेरणीचं यंत्र बनवणाऱ्या अठराव्या शतकातल्या एका इंग्रज शेतकऱ्याचं. १९७१ साली त्यांची ‘अ‍ॅक्वालंग’ ही रेकॉर्ड आली तेव्हा अँडरसन जेमतेम तेवीस वर्षांचा होता. समीक्षकांनी तिला लगेच कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळ्या गाण्यांत एकच सूत्र असलेली रेकॉर्ड, ठरवून टाकलं. अँडरसन मात्र पहिल्यापासून सांगत आलाय की तसं काही नाही, ही सुटी गाणी आहेत.

आमचं भांडण इथूनच सुरू झालं. आम्ही हा अल्बम मोबाईलवर ऐकायचो, अकरा गाणी एका रांगेत. कुणी म्हणायचं गोष्टच नाही, मग कॉन्सेप्ट कसली? कुणी म्हणायचं, पहिल्या गाण्यातला बाकावर बसलेला म्हातारा अ‍ॅक्वालंग दुसऱ्या गाण्यात नावानिशी येतो, अजून काय पाहिजे? तुम्ही काही न बोलता कपाट उघडलंत. त्या कपाटात पावसाळाभर एक छोटा बल्ब पेटता असायचा, दमट हवेनं कव्हरांना बुरशी येऊ नये म्हणून. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या, कसरीसाठी. बोटीवर असताना बंदरा-बंदरांत घेतलेल्या रेकॉर्डी तुम्ही अशा जपल्या होत्या, आणि तरी आमच्यासारख्या कुणाच्याही हातात द्यायला तुम्ही कधी कचरला नाहीत.

ती रेकॉर्ड आम्ही हातात घेतली आणि भांडणाचा नूरच बदलला. दोन बाजूंना दोन वेगळी नावं होती. पहिलीला ‘अ‍ॅक्वालंग’, दुसरीला ‘माय गॉड’. पहिलीवर सहा गाणी, दुसरीवर पाच. मोबाईलच्या रांगेत हे कळायला मार्गच नव्हता. पहिल्या बाजूला माणसं आहेत, रस्त्यावरची, शाळेबाहेरची, फलाटावरची. मग उठायचं, रेकॉर्ड उलटी करायची, आणि सुई टेकली की देवाच्या नावानं चालणाऱ्या कारभाराशी सरळ वाद सुरू होतो.

तुम्ही आम्हाला शब्द वहीत उतरवून काढायला लावलेत. इंग्रजी कच्चं असलेल्यांनाही सूट नाही. दुसऱ्या बाजूच्या पाचही गाण्यांत देव किंवा बायबल आहे हे मला त्या वहीमुळे सापडलं. ‘माय गॉड’, ‘हिम ४३’ आणि ‘वाइंड-अप’मध्ये तो उघड आहे. पण इवल्याशा ‘स्लिपस्ट्रीम’मध्ये तो कुठे? बिल घेऊन येणारा देवाचा वेटर आहे तिथे. आणि ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’मधल्या सुसाट गाडीतल्या माणसाच्या हातात गिडियनचं बायबल येतं, हॉटेलच्या खोल्यांत ठेवलेलं असतं ते. मी हे सगळं तावातावानं तुमच्यासमोर मांडलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, “देव इलो म्हणान भजन होता काय रे?”

काका, या प्रश्नाचं माझं उत्तर आजही तेच आहे. दुसरी बाजू कॉन्सेप्टच आहे. गाणाऱ्यानं नाही म्हटलं तरी वहीत उतरवलेले शब्द माझ्या बाजूनं उभे आहेत. तुम्हाला ते पटलेलं नाही, आणि तुम्ही ते पटल्यासारखं कधी दाखवलंही नाहीत. वयानं एवढ्या लहान पोराचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून, मग त्याला तोडीस तोड विरोध करणारं मोठं माणूस मला दुसरं भेटलं नाही. त्यासाठी पहिले आभार.

आणखी एक गोष्ट आम्ही तुमच्याकडेच शिकलो, श्रेय नीट वाचायची. “सगळं अँडरसननंच लिहिलंय” असं आमच्यातला ड्रमवाला ठामपणे म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला शीर्षकगीतापुढची नावं वाचायला लावलीत. तिथं अँडरसनसोबत त्याची तेव्हाची बायको जेनी आहे. ती फोटोग्राफी शिकत होती, थेम्सच्या काठावरच्या बेघर माणसांचे फोटो तिनं काढले होते, आणि त्यांवरून सुचलेले काही शब्दही तिचे. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका बाईनं नीट बघितलं म्हणून जन्माला आलं, आणि आम्ही तिला मोजलंच नव्हतं.

‘चीप डे रिटर्न’ची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. जेमतेम सव्वा मिनिटाचं गाणं. आजारी वडिलांना इस्पितळात बघून परतणारा मुलगा, रेल्वेचा फलाट, आणि तिकडे वडिलांची काळजी घेणारी नर्स. आमच्यातल्या एकानं त्याला भरतीचं गाणं म्हटलं होतं. तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत, सुई उचलून पुन्हा तिथंच ठेवलीत. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही बोटीवर होतात, हे काकूंनी आम्हाला नंतर सांगितलं. त्यानंतर त्या गाण्याला भरतीचं म्हणायची कुणाची छाती झाली नाही, आणि खरं तर ते तसं नाहीच.

आता आमच्या पाच गाण्यांकडे येतो. बंद घरांवर लिहायचं होतं. गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारी, बाकी वर्षभर कुलूप लावलेली चाकरमान्यांची घरं. पहिल्या खर्ड्यात मी एका कुटुंबाची सगळी कहाणी क्रमानं लिहिली होती. तुम्ही वही परत दिलीत आणि म्हणालात, “गजाली सांगू नको, माणूस दाखय.” मग ‘अ‍ॅक्वालंग’मधलं ते दुसरं गाणं लावलंत, ज्यात म्हातारा नुसता ओझरता येऊन जातो, आणि मला लख्ख कळलं. पहिल्या गाण्यात चाव्या सांभाळणारी शेजारची बाय अख्खी आहे. तिसऱ्यात ती फक्त अंगण झाडताना दिसते. पाचव्यात तिचं नाव कुणीतरी हाक मारून घेतं, बस. कुडाळात त्या हाकेला मागच्या रांगांतून कुणीतरी “ओ” दिली. ती ओ तुमच्यामुळे आली, काका.

‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’चे आभार वेगळे मानायला हवेत. कॉन्सेप्ट, कॉन्सेप्ट म्हणून डोकं खाणाऱ्यांना अँडरसननं १९७२ साली दिलेलं हे उत्तर, दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. कवी म्हणून जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या काल्पनिक मुलाचं नाव, आणि कव्हर म्हणून बारा पानी वर्तमानपत्र. ते तुम्ही पडवीत पसरायचात आणि आम्ही भोवती पालथे पडून खोट्या बातम्या वाचायचो. मधेच लाईट गेली की रेकॉर्ड घरंगळत खोल आवाजात बंद पडायची, आणि उरलेली ओळ तुम्ही स्वतः म्हणून पुरी करायचात. अमेरिकेत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला होता. मला तो अजूनही तुमच्याच आवाजात आठवतो.

‘अ पॅशन प्ले’ या त्यांच्याच आणखी एका अल्बमवरचं भांडण मात्र अर्धवट राहिलंय. मेलेल्या माणसाच्या पुढच्या प्रवासात चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट घुसवायची काही गरज नव्हती, हे तुमचं मत. माझ्या मते त्या सशामुळेच दुसरी बाजू ऐकवते, आणि यावेळी मी वही भरून मुद्दे काढलेत. गणपतीत येतोय. सुई मुंबईहून घेऊन येतो, तुम्ही टर्नटेबलचा पट्टा तेवढा तपासून ठेवा. काकूंना नमस्कार.

आपला,
कुडाळच्या बँडचा गाणी लिहिणारा