ताटातलं नाव, लिनोवरचं नाव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत स्त्री-चित्रकारांवर लेख येतात, ते मी आवर्जून वाचते. त्यांत मुद्राचित्रणाला, म्हणजे साचा तयार करून त्यावर शाई लावून कागदावर चित्र उमटवण्याच्या कलेला (प्रिंटमेकिंगला) जागा मिळावी, म्हणून हे पत्र.

लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. पुढे तीस-पस्तीस वर्षं सगळ्या सह्या त्याच नावाने केल्या. साठीनंतर प्रिंटमेकिंगच्या वर्गाला गेले. बाई म्हणाल्या, लिनोवर, म्हणजे कोरायला मऊ अशा लिनोलियमच्या तुकड्यावर, हवं ते कोरा. मी माहेरचं नाव घेतलं. लिनोवर अक्षर उलटं कोरावं लागतं, तरच कागदावर सुलट येतं. एकेक काना, वेलांटी उलटी करत गेले आणि इतक्या वर्षांनी ते नाव नीट पाहिलं. रोलरने शाई लावली, कागद ठेवून वाटीच्या बुडाने घासला, हलक्या हाताने उचलला. नाव उमटलं होतं! ताटातले तांदूळ त्याच दिवशी कुठेतरी शिजले असतील. या लिनोचे मात्र मी बारा ठसे काढले आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने क्रमांक घालून त्याच नावाने सही केली.

मग शोधून शोधून वाचू लागले. अलीगढला १९३७ साली जन्मलेल्या झरीना हाश्मी कलाकार म्हणून नुसतं ‘झरीना’ एवढंच नाव लावत. लग्नानंतर देशोदेशी राहिलेल्या या बाईंनी १९९९ मध्ये घराच्या आठवणींवर ३६ काष्ठमुद्रा केल्या. घर, चौखट, दरवाजा असा एकेक उर्दू शब्द आणि सोबत मोजक्या काळ्या रेषा. मायबोली सुटू नये म्हणून ती लाकडात कोरून ठेवणं मला फार जवळचं वाटलं. क्यूबाच्या बेल्किस आयोन यांनी पुठ्ठ्यावर कागद वगैरे चिकटवून मोठाले ठसे काढले. फक्त पुरुषांना प्रवेश असलेल्या एका गुप्त पंथाच्या कथेतली सिकान त्यांनी पुन्हा पुन्हा रेखली. गुपित कळलं म्हणून मारली गेलेली ही बाई. तिला डोळे आहेत, तोंड नाही. ते डोळे माझ्या मनातून जात नाहीत.

आमच्या वर्गाची चित्रं एका प्रदर्शनासाठी नेली, तेव्हा ‘ही छापील आहेत, मूळ चित्रं आणा’ म्हणून परत पाठवली. फार लागलं ते. कोरणी बाईची, शाई तिची, प्रत्येक ठसा तिने हाताने काढलेला. मूळ चित्र तेच. एवढं तरी आपल्या पुरवणीतून कुणा जाणकाराकडून लिहवून घ्यावं, ही विनंती.

– एक वाचक, सातारा