‘चांगले डास’ सोडण्याआधी मुंबईचे पाणी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की डेंग्यूच्या बातम्यांपाठोपाठ हल्ली एक मागणी हमखास होते: पुदुच्चेरीत तयार झालेले, डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा जिवाणू अंगात घातलेले ‘चांगले डास’ मुंबईतही सोडा. लगेच दुसरीकडून ओरड होते, की हे जिवाणूवाले डास माणसाला चावले तर काय? भांडण आहे ते वोल्बाकिया या जिवाणूवरून. पण तो कोणत्या जातीच्या डासात आहे, त्याचा कोणता वाण आहे आणि डास कोणत्या पाण्यात वाढला, हे दोन्ही बाजूंचे लोक विचारत नाहीत. सगळी मेख तिथेच आहे.

आधी भीतीविषयी. मुंबईकर रोज रात्री वोल्बाकियावाल्या डासांकडून चावून घेतच आहेत. गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासात हा जिवाणू मुळातच असतो. हर्टिग आणि वोलबाख या दोघांनी १९२४ मध्ये तो पहिल्यांदा पाहिला तोही क्युलेक्समध्येच. कीटक, कोळी, काही कृमी यांच्या पेशींत तो राहतो. पेशीबाहेर त्याची वाढ होत नाही आणि सस्तन प्राण्यांना त्याचा संसर्ग होत नाही.

आता ‘चांगले’ या विशेषणाविषयी. वोल्बाकिया असला की डेंग्यू थांबतो, हा समज सरळसरळ चूक आहे. आशियाई वाघडास म्हणजे एडिस अल्बोपिक्टस. त्याच्यात या जिवाणूचे दोन वाण निसर्गतःच असतात, तरी तो डेंग्यू पसरवतोच. शहरातला मुख्य गुन्हेगार एडिस इजिप्ती; त्याच्यात वोल्बाकिया नसतो. पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या ड्रॉसोफिला चिलटांतला ‘डब्ल्यू-मेल’ हा वाण बारीक सुईने इजिप्तीच्या अंड्यांत घातला, तेव्हा या नव्या घरात तो भरमसाट वाढला. डासाची प्रतिकारशक्ती सतत जागी राहिली, शिवाय विषाणूला लागणारे कोलेस्टेरॉलसारखे स्निग्ध पदार्थ जिवाणूच पळवू लागला. परिणामी विषाणूची वाढ खुंटली. जुन्या भाडेकरूंचे तसे नसते. त्यांचे यजमानाशी पिढ्यान्‌पिढ्या जमलेले असते. तांदळाच्या डब्यातल्या सोंड्यांचेच बघा. त्यांच्या कठीण कवचाला लागणारे टायरोसिन हे अमिनो आम्ल पोटातले जिवाणू बनवून देतात, आणि कवच पक्के झाले की सोंडा आतड्याजवळचे जिवाणू पचवून टाकतो. मादी फक्त अंडाशयातले राखते, पुढच्या पिढीसाठी.

वोल्बाकिया एडिसच्या वस्तीत पसरतो तो एका विलक्षण युक्तीने. जिवाणू असलेला नर आणि नसलेली मादी यांचा संयोग झाला की अंडी घातली जातात, पण फुटत नाहीत. अंड्याच्या पहिल्याच विभाजनात बापाकडून आलेली गुणसूत्रे मागे रेंगाळतात आणि गर्भ तिथेच संपतो. मादीत तोच वाण असेल तर तिच्या अंड्यात या विषाचा उतारा आधीच भरलेला असतो. नर कसाही असो, अंडी फुटतात आणि सगळ्या पिल्लांत जिवाणू उतरतो. विष आणि उतारा यांची जनुके २०१७ मध्ये सापडली. युक्तीचा वापर मात्र जुना आहे. जर्मन संशोधक लावेन यांनी १९६७ मध्ये ब्रह्मदेशातल्या ओकपो गावात विसंगत नर, म्हणजे ज्यांच्याशी संयोग झाल्यावर तिथल्या माद्यांची अंडी फुटत नाहीत असे नर, सोडून तिथला क्युलेक्स जवळपास संपवला होता.

आज दोन मार्ग आहेत. सिंगापूर फक्त नर सोडते. ते चावत नाहीत आणि डासांची संख्या घटते, पण सोडणे थांबले की डास परततात. दुसऱ्या मार्गात नर-मादी दोन्ही सोडून डासांची अख्खी वस्तीच जिवाणूवाली करतात. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात तसे केले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होणारे ८६ टक्क्यांनी कमी होते. या मार्गाला एक उंबरठा असतो: वस्तीतल्या साधारण २० ते ३० टक्के डासांत जिवाणू पोहोचला तरच तो पुढे आपणहून पसरतो. त्याखाली राहिला तर काही महिन्यांत पुसला जातो आणि खर्च पाण्यात.

मुंबईत तो पुसला जाण्याची कारणे दिसतात. पहिले कारण ऊन. ज्या पाण्याचे तापमान रोज २६ ते ३७ अंशांदरम्यान वरखाली होते त्यात वाढलेल्या अळ्यांत ‘डब्ल्यू-मेल’ झपाट्याने घटतो आणि पुढच्या पिढीत नीट उतरत नाही. मुंबईची हवा समुद्रामुळे सौम्य असेल, पण अळी हवेत वाढत नाही. पत्र्याच्या छपरावरच्या निळ्या ताडपत्रीच्या घडीत, उन्हातल्या टायरात पाणी किती तापते? वेधशाळेचे आकडे इथे कामाचे नाहीत. जिन्याखालचा पिंप, गच्चीवरचा टायर, ताडपत्रीची घडी, कुंडीखालची बशी अशा जागी तासातासाची नोंद करणारे तापमापक मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात ठेवले पाहिजेत.

मग वाघडासातला, उष्णता सोसणारा ‘डब्ल्यू-अल्ब-बी’ हा वाण का नको? पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने दोन्ही वाणांचे डास तयार केले आहेत, तेव्हा निवड करता येईल. पण त्याचीही खोट आहे. या वाणाची अंडी कोरडी राहून जुनी झाली की कमी फुटतात, आणि फुटलेल्यांपैकी काही माद्या वांझ निघतात. एडिसची साधी अंडी पिंपाच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात, आणि पाऊस तर आपल्याकडे चारच महिने. घरात वर्षभर पाणी साठवणाऱ्या वस्तीत ही अडचण कमी भासेल, नुसत्या पावसाच्या पाण्यावर चालणाऱ्या जागी जास्त. वाण वस्ती पाहून ठरवावा लागेल. ‘अधिक कडक वाण घ्या’ हा सल्लाही फसवा आहे: यजमानाचे आयुष्य घटवणारा ‘डब्ल्यू-मेलपॉप’ व्हिएतनाम आणि ऑस्ट्रेलियात सोडून पाहिला, तो टिकला नाही.

दुसरे कारण कीटकनाशक, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. रिओ दि जानेरोच्या तुबियाकांगा भागात सोडलेले डास सुरुवातीला रुजले आणि नंतर कोसळले, कारण स्थानिक डास पायरेथ्रॉइड कुळातल्या कीटकनाशकांना सरावलेले होते आणि प्रयोगशाळेतले नव्हते. घरोघरच्या फवाऱ्यांनी नेमके सोडलेलेच मेले. मुंबईत धूर फवारणी, कॉइल, लिक्विड मशीन हे बहुतेक त्याच कुळातले. उपाय माहीत आहे. जिवाणूवाल्या मादीचा संकर मुंबईतून पकडलेल्या नराशी करायचा, आणि असे सहा पिढ्या. त्यातून ९८ टक्के जनुकसंच मुंबईचा होतो, जिवाणू आईकडून तसाच राहतो. उलटे केले, म्हणजे नर जिवाणूवाला घेतला, तर अंडीच फुटणार नाहीत. नंतर औषध लावलेल्या कागदावर स्थानिक आणि सोडायच्या अशा दोन्ही डासांची चाचणी घ्यावी. ठरलेल्या मात्रेने ९० टक्क्यांहून कमी डास मेले तर प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देणे, पक्का मानतात. सोडायच्या डासांत तो स्थानिकांइतका हवा. त्याहून जास्तही नको, नाहीतर आपणच नवी डोकेदुखी आणू.

डास सोडायचे कसे, हेही घरापर्यंत येते. झाकणाला भोके असलेल्या छोट्या बादलीत पाणी, अंडी चिकटलेली कागदी पट्टी आणि चिमूटभर माशांचे खाद्य. दोन आठवड्यांनी पाणी आणि पट्टी बदलायची, असे कित्येक फेरे. खाद्य जास्त झाले की पाण्यावर साय धरते आणि अळ्या गुदमरतात. कमी पडले की डास खुरटे निघतात आणि स्थानिक नरांपुढे टिकत नाहीत. बादली उन्हात राहिली तर वर सांगितलेले सगळे. तिच्यात कोणी टेमेफॉस हे अळीनाशक टाकले तर खेळ खलास. सोसायटीचा सफाई कामगार ती ओतूनही देईल, आणि त्याचे काय चुकले? आठवड्यातून एकदा पाणी ओता, हेच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. तो कोरडा दिवस पुढेही पाळायचाच आहे, कारण अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून बादलीवर मराठी-हिंदीत ठळक चिठ्ठी आणि सोसायटीत एक जबाबदार माणूस हवा. टॉवरमध्ये वरच्या मजल्यांवरही बादल्या लागतील. एडिस फार दूर उडत नाही आणि वरच्या मजल्यावरच्या एसीच्या ट्रेमध्येही तो सुखाने नांदतो.

लोकांना अंधारात ठेवून हे काम होत नाही, हा धडा देशात एकदा मिळालेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) यांचे दिल्लीतले डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे केंद्र १९७५ मध्ये बंद पडले. अमेरिकी पैसा, जैविक युद्धाचा संशय, वृत्तपत्रांतले आरोप आणि संसदीय समितीचे ताशेरे यांत हरियाणातल्या सोनीपतला एडिस सोडायचे राहूनच गेले.

तेव्हा महापालिकेने कधी हे काम हाती घेतलेच तर वॉर्ड जाहीर करण्याआधी तिथल्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदी आणि स्थानिक एडिसच्या प्रतिरोध चाचण्या प्रसिद्ध कराव्यात. सुरुवात झाल्यावर सापळ्यांत सापडलेल्या एडिसपैकी किती टक्क्यांत पीसीआर चाचणीत जिवाणू मिळाला, तो आकडा दर पंधरवड्याला वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावावा आणि वृत्तपत्रांना द्यावा, घसरला तरी. डास सोडणे संपल्यावर ही मोजणी निदान एक पूर्ण उन्हाळा चालू ठेवावी.

आपले,
कीटकशास्त्राचे दोन अभ्यासक, मुंबई