तळघरातला मालक

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो तीनदा मोठा करून पाहिला. ग्लासगोच्या नेक्रोपोलिसमधलं ते थडगं! दगडात कोरलेला रंगमंच आणि पडलेला पडदा. खाली तू लिहिलंस, "बाबा, तुझ्याच धंद्यातला दिसतोय." झालं, मग मला चैन पडेना. जॉन हेन्री अलेक्झांडर हे नाव घेऊन दोन दिवस वाचत बसलो. आईने दोनदा जेवण गरम केलं.

माणूस 1796चा, डनबारचा. एडिंबर्गला वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरच्या नाटकांतून नाव झालं. पण नुसतं तोंडाला रंग लावून भागेना, स्वतःचं थिएटर हवं. 1825 साली ग्लासगोच्या डनलॉप स्ट्रीटवरचं थिएटर सीमोर नावाच्या प्रतिस्पर्ध्याने पटकावलं. आपल्या गड्याने काय करावं? त्याच इमारतीचं तळघर भाड्याने घेतलं! वर सीमोरचा 'मॅकबेथ', खाली याचं लढाईचं नाटक. बार, धूर, आरडाओरडा, सगळं फळ्यांच्या फटींतून वर. वरच्या मंडळींनी त्याच फटींतून खाली पाणी ओतलं. मी इतका हसलो, की आई बघायला आली. आपल्याकडेही तारखांवरून भांडणं पाहिलीत मी, पण डोक्यावर पाणी कुणी ओतलं नव्हतं.

1829मध्ये क्वीन स्ट्रीटचं रॉयल थिएटर जळालं आणि 'रॉयल' हा मान अलेक्झांडरच्या थिएटरकडे आला. तेव्हा राजाची सनद असल्याशिवाय अस्सल गद्य नाटक करायची मुभा नसे, त्यामुळे ही गोष्ट साधी नव्हती. पुढे त्याने इमारत नव्याने बांधली. दर्शनी भागावर शेक्सपिअर, अठराव्या शतकातला गाजलेला इंग्रज नट गॅरिक आणि तिसरा पुतळा स्वतःचा! पैशाला चिकट, तोंडाने फटकळ. भर प्रयोगात भूमिका सोडून नटांना नि प्रेक्षकांना झापायचा म्हणे. असा मालक मीही भोगलाय, नाव विचारू नकोस.

हसू इथवरच. 17 फेब्रुवारी 1849, शनिवार. गॅलरी स्वस्त, म्हणून पोराटोरांनी भरलेली. दिव्यांच्या गॅसपाशी जरासा जाळ दिसला. तो विझलाही लगेच. पण "आग" हा शब्द एकदा सुटला की माघारी येत नाही. सगळे जिन्याकडे धावले आणि त्या जिन्यात 65 जीव गुदमरून, चिरडून गेले. बहुतेक कोवळी पोरं. जाळाने कुणी मेलं नाही गं, जिन्याने मारलं. त्यानंतर अलेक्झांडर खचला तो खचलाच. 1851मध्ये गेला. थिएटर 1863मध्ये जळालं, पुन्हा उभं राहिलं, मग रेल्वेने जागा घेतली. तू जिथे स्वेटर घेतलास, तो सेंट इनॉकचा मॉल तिथलाच.

हे वाचलं आणि मला एक जुना दौरा आठवला. तुला कधी सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या गावी हाउसफुल्ल बोर्ड लागला होता, मी खूश. दुसऱ्या अंकात दिवे गेले. मागच्या दाराकडे गेलो तर बाहेरून कुलूप, फुकटे शिरू नयेत म्हणून. किल्ली कुणाकडे, पत्ता नाही. दहा मिनिटांनी दिवे आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रयोग पुढे झाला. कुलूप लावायला मीच सांगितलं होतं.

तुमच्या ग्रुपच्या नाटकात तू कामही करतेस आणि व्यवस्थाही बघतेस म्हणालीस. संवाद पाठ होतील. त्या हॉलला दारं किती, ती बाहेर उघडतात की आत, आणि प्रयोगाच्या वेळी किल्ली कुणाच्या खिशात असते, तेवढं रविवारच्या फोनवर सांग.

तुझा,
बाबा