यंदाचा निर्वाण लाडू

चि. सम्यक,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू म्हणालास, दिवाळीला रजा नाही. नवी नोकरी, त्याचं काही नाही. पण पुढे म्हणालास, ‘रात्री अकराला जेवतो, इथे कोण बघतंय?’ ते मनातून जाईना. कोणी बघावं म्हणून का आपण दिवस मावळायच्या आत जेवतो? जाऊ दे. या पत्रात जेवणाचं काढायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

ऐरोलीत फटाके आत्ताच सुरू झालेत. पप्पांनी माळ्यावरच्या काचा काढून धुतल्या. किडे झेपावतात, पणती उघडी नको. पूर्वी हे काम तुझं.

अमावास्येला पहाटे निर्वाण लाडू चढवायचा, की आपलं जैनांचं नवं वर्ष, वीर निर्वाण संवत २५५२, लागेल. गावच्या बस्तीत, म्हणजे मंदिरात, भर गर्दीत तू विचारलं होतंस, ‘महावीर गेले ना, मग आज गोड का?’ उपाध्ये गप्पच झाले. आजोबांनी कडेवर घेऊन सांगितलं, ‘बहात्तराव्या वर्षी पावापुरीला ते जन्ममरणातून सुटले. सुटल्यावर लाडूच.’ यावर तू, ‘शाळा सुटल्यावर पण?’ आजोबा गेले तोवर येईल त्याला हे सांगायचे. मीही सांगते, अजून.

समोरच्या गुजराती काकी काल म्हणाल्या, त्यांच्याकडे सांगतात की निर्वाणाच्या वेळी महावीरांचे पट्टशिष्य गौतमस्वामी जवळ नव्हतेच. महावीरांनीच त्यांना कामाला धाडलं होतं. कळल्यावर खूप रडले, आणि मग त्यांनाही केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालं. काकी सहज बोलल्या, मला मात्र स्वयंपाकघरात जावं लागलं. तू यातून भलतं काही काढू नकोस. पप्पांचे रिपोर्ट चांगले आहेत, फक्त जिना दमाने चढतात.

दिवस मावळायच्या आत जमत नसेल तर चारला ऑफिसात डबा खा. रात्री नुसतं दूध घे. दूधही नको खरं तर, पण घे. झालं माझं व्याख्यान, रागावू नकोस. एवढ्या मोठ्या कंपनीत पोरगं स्वतःच्या हिमतीवर लागलं, हे मी मंदिरात सगळ्यांना सांगून झालंय.

पार्सल उद्या निघेल. चिवडा, भाजणीची चकली, करंज्या, आणि वेगळ्या डब्यात लाडू. त्यातला एक अमावास्येला पहाटे अंघोळ करून चढव. तिथलं मंदिर लांब असेल तर टेबलावरच्या फोटोसमोर ठेव, चालतं. चिवड्याचं झाकण घट्ट लाव, तिकडे पाऊस आहे म्हणे.

तुझी,
आई