एकांतातला उपवास: तयारी आधीपासून हवी

संपादक महोदय,

मनःशांतीसाठी एकांतात उपवास करू पाहणारे बहुधा एकच चूक करतात: जेवण, फोन आणि चहा-कॉफी सगळे एकाच दिवशी बंद. कॅफीन अचानक तुटले की १२ ते २४ तासांत डोके ठणकू लागते आणि दोष मात्र उपवासाला मिळतो. चहा-कॉफी आठवडाभर आधीपासून थोडी थोडी कमी करावी. पहिला उपवास १६ तासांचाच पुरे, त्यातले ८ तास झोपेत जातात. पाणी पीत राहावे.

भूक लाटेसारखी येते. नेहमीच्या जेवणवेळी उसळते, मग ओसरते. शांत बसायची खरी वेळ हीच! श्वासाकडे लक्ष ठेवावे. विचार हुसकावू नयेत, हुसकावले की ते अधिकच येतात.

एकांतातही एका माणसाला आपला ठावठिकाणा ठाऊक हवाच. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर साखर घेऊन उपवास तिथेच सोडावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये. औषध चालू आणि पोट रिकामे, तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते.

– एक वाचक